सेल्युलरच्या आधीचे अंदमान

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या कुठल्याही अंदमान सहलीचा कार्यक्रम उघडून बघा. पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाशाचा खेळ, दुसऱ्या दिवशी रॉस बेट, मग हॅवलॉक आणि नीलचे किनारे, आणि परतताना वेळ उरलाच तर चॅथमची लाकूड गिरणी. सावरकरांच्या कोठडीसमोर मराठी माणूस हात जोडतो, पुष्कळांचे डोळे भरून येतात. ते योग्यच आहे. बाबाराव १९१० मध्ये आणि तात्याराव १९११ मध्ये तिथे पोचले, कोलूला जुंपले गेले, आणि ‘माझी जन्मठेप’मुळे ती कोठडी आपल्या घराघरांत माहीत झाली. त्या भक्तिभावाला धक्का लावायचा इथे हेतू नाही. तक्रार वेगळी आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. कैद्यांची वसाहत वसली १८५८ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षे आपण सरळ गाळून टाकली आहेत, आणि त्या वसाहतीचा सर्वांत भीषण काळ नेमका त्याच वर्षांतला आहे.

इंग्रजांची तिथे वस्ती करण्याची ही पहिली खेप नव्हती. ‘बॉम्बे मरीन’ या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारातला लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर १७८८-८९ मध्ये या बेटांची पाहणी करून गेला. हे तेच आरमार, ज्याची आंग्र्यांशी कित्येक वर्षे झुंज चालली होती. ब्लेअरच्या पाहणीनंतर १७८९ मध्ये चॅथम बेटावर वस्ती उभी राहिली. तीन वर्षांनी, लढाऊ जहाजांना अधिक चांगले बंदर हवे म्हणून ती उत्तर अंदमानात हलवली, आणि तिथे तापाने माणसे पटापट मरू लागली. १७९६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा तिथे २७० कैदी होते. त्यांची रवानगी पिनांगला झाली आणि बेटांवर पुन्हा रान माजले. त्यामुळे १८५८ मध्ये सरकार अजाणतेपणी तिथे गेले असे म्हणायला जागा नाही. हवापाणी काय आहे, तिथे माणूस किती दिवस टिकतो, हे कंपनीच्या दप्तरात लिहिलेले होते.

मग पुन्हा तिथेच का? १८५७ च्या उठावात उत्तर हिंदुस्थानातले तुरुंग ठिकठिकाणी फोडले गेले होते. पकडलेल्या शिपायांना आणि त्यांच्या साथीदारांना ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. सिंगापूर-पिनांगकडे धाडावे, तर तिथले गोरे व्यापारी बंडवाले कैदी घ्यायला तयार नव्हते. दुसरीकडे बंगालच्या उपसागरात हक्काचे बंदर सरकारला हवेच होते. फुटलेल्या जहाजांवरची माणसे अंदमानच्या किनाऱ्याला लागली की मारली जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. बंदर बांधायचे तर मजूर हवेत, आणि त्या रानात पगार घेऊन कोण जाणार? बंडवाले कैदी हे त्याचे उत्तर ठरले. शिक्षाही होईल आणि जंगलही साफ होईल, असा हा हिशेब होता. त्यात कैदी जगला पाहिजे अशी अट कुठे नव्हती.

जागा ठरवण्यासाठी बंगालच्या तुरुंगांचा मुख्य तपासनीस डॉ. फ्रेडरिक मौअट याच्या हाताखाली एक समिती ‘प्लुटो’ या आगबोटीतून निघाली. १८५७ चा डिसेंबर आणि १८५८ चा जानेवारी तिने बेटांभोवती काढला. वाटेत एका ठिकाणी बेटवासीयांशी चकमक झाली. त्यांची काही माणसे मारली गेली आणि एक जण जिवंत पकडून कलकत्त्याला नेला गेला. त्याचे नाव कोणाला कळले नाही, म्हणून खलाशांनी त्याला ‘जॅक’ म्हणायला सुरुवात केली. त्याला कपडे चढवले, त्याची छायाचित्रे काढली, शहरात तो बघायला गर्दी लोटली. थोड्याच दिवसांत तो आजारी पडला, तेव्हा पुन्हा बोटीत घालून त्याला जिथून उचलला होता त्या किनाऱ्यावर नेऊन सोडला. वसाहतीची पहिली कुदळ पडायच्या आधीचा हा प्रसंग आहे. पुढे काय होणार याची सगळी लक्षणे त्यात होती, पण समितीच्या अहवालाचा निष्कर्ष एवढाच, की ब्लेअरने वापरलेले जुने बंदर सर्वांत सोयीचे आहे आणि त्याला आता पोर्ट ब्लेअर म्हणावे.

१० मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ ही युद्धनौका दोनशे कैदी घेऊन त्या बंदरात शिरली. सोबत एक देशी देखरेख्या, दोन देशी डॉक्टर, पन्नास जणांचा नौसैनिक पहारा, आणि अधीक्षक म्हणून डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. वॉकर आग्र्याच्या तुरुंगातून आलेला. मोठा तुरुंग चालवण्याचा अनुभव असलेला म्हणून त्याची निवड झाली होती. कैदी उतरले ते चॅथमवर. एका लहानशा बेटावरचे ते दाट रान, अंगावर बेड्या, हातात कुऱ्हाड, आणि प्यायला गोडे पाणी नाही. पाण्यावाचून चॅथम चालेना म्हणून बंदराच्या तोंडावरच्या रॉस बेटाकडे मोर्चा वळला. ही गोष्ट बारीक वाटेल, पण ती मला फार बोलकी वाटते. सत्तर वर्षांपूर्वी ब्लेअरची माणसे याच बेटावर राहिली होती. तिथे पाणी आहे की नाही, हे दोनशे माणसे उतरवण्याआधी बघायला काय हरकत होती? बंदराची खोली मात्र कसून मोजली गेली होती.

इथे आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या डोळ्यांसमोर काळे पाणी म्हटले की कोठडी येते, गजांचे दार येते. १८५८ च्या कैद्याला कोठडी नव्हतीच. तंबू आणि झोपड्या होत्या, तोडायला झाडे होती, आणि चहूकडे समुद्र. कैद्यांच्या टोळ्या पाडल्या होत्या आणि प्रत्येक टोळीवर कैद्यांतलाच एक मुकादम नेमलेला होता. पळून जायला भिंत ओलांडावी लागत नव्हती. म्हणून माणसे पळाली. पहिल्या काही दिवसांतच दानापूरहून आलेला नारायण नावाचा कैदी, क्रमांक ६१, चॅथमवरून समुद्रात उडी घेऊन पोहत निघाला. गोळ्या झाडून, पाठलाग करून त्याला पकडले आणि फाशी दिले. निरंजन सिंग, क्रमांक ४६, याने रॉस बेटावर गळफास लावून घेतला. जे पळाले त्यांना जायचे तरी कुठे होते? पलीकडे दहा-बारा दिवसांच्या वाटेवर ब्रह्मदेश आहे, तिथला राजा आपल्याला आश्रय देईल, अशा समजुती त्यांच्यात पसरलेल्या होत्या. उत्तर हिंदुस्थानच्या सपाटीवर वाढलेल्या शिपायाला बेट म्हणजे काय याची कल्पना कुठून असणार? चालत राहिले की कुठला तरी मुलूख लागतोच, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता.

एप्रिलमध्ये कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, ‘रोमन एम्परर’ हे जहाज आणखी १७१ कैदी घेऊन आले. इतरही जहाजे येत राहिली. आणि मग १६ जून १८५८ चा हिशेब पाहा. वसाहत सुरू होऊन तीन महिने आणि सहा दिवस झाले होते. एकूण आलेले कैदी ७७३. त्यांपैकी इस्पितळात मेलेले ६४. पळून गेलेले आणि परत न सापडलेले १४०, म्हणजे उपासमारीने किंवा बेटवासीयांच्या बाणांनी संपलेले, असेच सरकारने धरले. आत्महत्या १. पळण्याच्या प्रयत्नाबद्दल फासावर चढवलेले ८७. उरले ४८१. शंभर दिवसांच्या आत पाचांतले जवळजवळ दोन जण गेले. कलकत्त्यालाही हे फाशीचे सत्र पचले नाही, आणि वॉकरला पळणाऱ्यांना असे लटकवणे थांबवायला सांगण्यात आले. बंडाच्या सूडाने पेटलेल्या त्या वर्षी, जेव्हा मुख्य भूमीवर झाडाझाडाला माणसे टांगली गेली होती, तेव्हा त्याच सरकारला हात आखडता घ्यावासा वाटला, यावरून पोर्ट ब्लेअरमध्ये काय चालले होते त्याचा अंदाज यावा.

या ८७ जणांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? सेल्युलर जेलच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावे कोरलेली आहेत, आणि मराठी प्रवासी त्यांत आपल्या प्रांताची यादी शोधून वाचतो. त्या याद्या प्रामुख्याने विसाव्या शतकातल्या राजबंद्यांच्या आहेत. ज्यांनी लेख लिहिले, बाँब केले, खटल्यात निवेदने दिली, त्यांची नावे टिकली. ज्यांनी बराकीतून बंदूक उचलली आणि ज्यांना दोन ओळींच्या निकालाने जहाजात चढवले, त्यांचे आकडे तेवढे राहिले. १८५७ वर ग्रंथ लिहिणाऱ्या सावरकरांना ज्या बेटावर नेले, ते बेट १८५७ च्या माणसांसाठीच वसवले गेले होते आणि त्यांच्याच हातांनी राहण्याजोगे झाले होते, ही गोष्ट सेल्युलरच्या प्रांगणात उभे राहून मनात आणली पाहिजे.

आता दुसरी बाजू, आणि ती याहून अवघड आहे. ज्या रानावर कुऱ्हाड पडत होती ते रान ओसाड नव्हते. बंदराच्या भोवतालची भूमी ग्रेट अंदमानी लोकांची होती. त्यांची शिकार, त्यांचे मासे, त्यांची झोपडी, सगळे तिथे होते. त्यांनी एप्रिल १८५९ मध्ये रान तोडणाऱ्या कैद्यांवर दोनदा मोठे हल्ले केले. १४ एप्रिलच्या हल्ल्यात एक विलक्षण गोष्ट घडली. हल्लेखोर बरेच, त्यांच्यापुढे कैद्यांची शस्त्रे म्हणजे कुऱ्हाडी. पण ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांना अंदमानींनी खुणेने बाजूला उभे राहायला सांगितले. त्यांचा रोख मुकादमांवर होता. बेड्या नसलेला आणि हुकूम देणारा माणूस आपला शत्रू, बेडीतला नव्हे, एवढे त्यांनी एका वर्षाच्या निरीक्षणावरून ताडले होते. ज्यांना त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत रानटी म्हटले गेले, त्यांनी वसाहतीची रचना इतकी अचूक ओळखली होती. मी अंदमानवर जे काही वाचले आहे त्यात याहून जास्त काळ मनात राहिलेले काही नाही.

पण ती ओळख त्यांच्या कामी आली नाही. दूधनाथ तिवारी हा बंडवाला शिपाई एप्रिल १८५८ मध्ये मोठ्या टोळीबरोबर पळाला होता. रानात त्याच्या सोबत्यांना बाणांनी टिपले, तो जखमी होऊन पडला, आणि कशामुळे कोण जाणे, अंदमानींनी त्याला जगू दिले. वर्षभराहून अधिक काळ तो त्यांच्यात राहिला, त्यांच्यातल्या बायकांशी त्याने संसार मांडला. मे १८५९ मध्ये वसाहतीवर मोठा हल्ला करायचे ठरले, तेव्हा गरोदर बायको मागे टाकून तो पोर्ट ब्लेअरला आला आणि त्याने वॉकरला बातमी दिली. १७ मे रोजी वसाहतीतल्या अबर्डीनला लढाई झाली. बाण आणि भाले एका बाजूला, बंदुका आणि ‘शार्लोट’ जहाजावरच्या तोफा दुसऱ्या बाजूला. दूधनाथला पुढे माफी मिळून तो सुटला. त्याला फितूर म्हणणे सोपे आहे, आणि म्हटलेही गेले आहे. मला तो शिक्का मारवत नाही. सरकारने एका मारलेल्या माणसाला दुसऱ्या मारलेल्या माणसाच्या दारात नेऊन सोडले होते, आणि सुटायचा एकच रस्ता मोकळा ठेवला होता. दोष तो रस्ता आखणाऱ्यांचा.

त्याच वर्षी वॉकर जाऊन कॅप्टन हॉटन आला. त्याचा कारभार तुलनेने माणुसकीचा होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे बेटवासीयांशी गोडीगुलाबीचे धोरण आले. १८६३ मध्ये रॉस बेटावर पाद्री हेन्री कॉर्बिन याच्या देखरेखीखाली ‘अंदमान होम’ निघाले. अंदमानींना तिथे ठेवायचे, खाऊपिऊ घालायचे, इंग्रजी शिकवायची, कामाला लावायचे. या मायेने तोफांहून जास्त माणसे मारली. वसाहतीतून त्यांच्यात न्यूमोनिया गेला, उपदंश गेला, १८७७ मध्ये गोवराची साथ गेली. होममध्ये जन्मलेली मुले दोन वर्षांची होण्याआधीच दगावत होती. वसाहत वसली तेव्हा ग्रेट अंदमानींची संख्या निदान साडेतीन हजार असावी असा अंदाज केला जातो. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले होते, १९६१ मध्ये १९. आज त्यांचे वंशज पन्नासच्या आसपास आहेत. ‘बो’ ही त्यांची एक भाषा बोलणारी शेवटची वृद्धा, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारली, आणि ती भाषा जाणणारे कोणी राहिले नाही.

आपण म्हणू, यात महाराष्ट्राचे काय? ११ एप्रिल १८५८ रोजी, म्हणजे चॅथमवर झाडे पडू लागल्याला महिना उलटून जेमतेम एक दिवस झाला होता तेव्हा, सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. खाज्या नाईक १८६० मध्ये मारला गेला. भीमा नाईक नंतर पकडला गेला, त्याला अंदमानला नेले, आणि १८७६ मध्ये तो पोर्ट ब्लेअरलाच मेला. खानदेश-निमाडच्या डोंगरांत त्याचे नाव अजून घेतात. सेल्युलर जेलची पहिली वीट पडायला तेव्हा वीस वर्षे अवकाश होता. त्यामुळे तिथे कोठडी दाखवून ‘इथे भीमा नाईक होता’ असे सांगता येत नाही, आणि ज्याची कोठडी दाखवता येत नाही तो आपल्या सहलीच्या कार्यक्रमात बसत नाही.

अलीकडे बेटांवर नामांतरे झाली. रॉस बेट २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. ब्लेअरचे नाव गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण पाटी बदलली की त्या पाटीखालची गोष्ट सांगितली असे होत नाही. चॅथमला आज पर्यटक उतरतो तो १८८३ ची लाकूड गिरणी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी बाँबचा खड्डा पाहायला. याच बेटावर दोनशे माणसे बेड्यांसह उतरवली गेली आणि काही महिन्यांत त्यांची दाणादाण उडाली, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

ते सांगायला फार खर्च नाही. सहल चालवणाऱ्या मराठी मंडळींनी चॅथम शेवटच्या दिवशी ‘जमले तर’ ठेवण्याऐवजी पहिल्या सकाळी ठेवावे, आणि संध्याकाळी सेल्युलरला न्यावे. मग क्रम लागतो. सरकारने चॅथमच्या पुलाशी १६ जून १८५८ चा तो हिशेब, सगळ्या आकड्यांसह, मराठी-हिंदीसह प्रमुख भाषांत लावावा. कंपनीचे दप्तर नेटके होते, त्यामुळे कैद्यांची नावे जितकी सापडतात तितकी शोधून काढून सेल्युलरच्या मनोऱ्यातल्या पाट्यांशेजारी कोरावीत, क्रमांकासह, कारण कित्येकांची ओळख म्हणून दप्तरात क्रमांकच पुढे केलेला आहे. आणि अबर्डीनच्या लढाईचे जे स्मारक पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, तिथे दरवर्षी १७ मे रोजी कार्यक्रम करताना ग्रेट अंदमानींच्या आजच्या वंशजांना पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून बोलवावे. जमीन त्यांची होती.